अर्धा किलो गॅस

अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४०च्या मॉडेलांत एसीची सोय दिली, पण त्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. गारवा नको असेल तर इंजिन बंद करून बेल्ट हाताने उतरवायचा.

आत आर-१२ हा गॅस असे. तो पेटत नव्हता, त्यामुळे निर्धोक वाटे. असे गॅस ओझोनचा थर पोखरतात, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली मांडलं. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला; भारत १९९२ मध्ये त्यात आला. गाड्यांत आर-१३४ए आला. जुनं खनिज तेल त्यात मिसळेना, म्हणून कॉम्प्रेसरचं ऑइलही बदललं. ओझोनला त्याचा धोका नाही, मात्र तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडवतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा गॅसचाही वापर घटवायचं ठरलं.

संगमेश्वरात आमच्या जुन्या गाडीचा कॉम्प्रेसर मी अंगणातच बदलला. बेल्ट, बोल्ट, नव्या ओ-रिंगा, मोजून ऑइल, एवढं घरी जमतं. गॅस मात्र आधी रत्नागिरीच्या गॅरेजात मशिनने काढून घेतला आणि व्हॅक्यूम करून भरायलाही तिथेच गेलो. शेजारचे काका म्हणाले, "कशाला हेलपाटे? सोडून द्यायचा हवेत. अर्धा किलो तर असेल!"

तो अर्धा किलो म्हणजे सहाशे किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड. मार्चच्या उष्म्याने हापूसची कैरी गळते, म्हणून काका दरवर्षी हळहळतात. मीही.