तळटीप १४ : बर्ड आयलंड

१४. बर्ड आयलंड : दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॅम्बर्ट्स बे या मासेमारी बंदरालगतचे सुमारे ३ हेक्टरांचे खडकाळ बेट, समुद्रपक्ष्यांसाठी राखीव. १९५९ मध्ये लाटा अडवणाऱ्या बांधाने ते किनाऱ्याला जोडले गेले, म्हणून लेखक ‘बेटावर चालत’ जाऊ शकला. ‘पिवळ्या डोक्याचे पक्षी’ म्हणजे केप गॅनेट. जगात केवळ ६ बेटांवर त्यांची वीण होते, त्यांपैकी हे एक. पूर्वी खतासाठी येथील विष्ठेचे थर खरवडून नेत. हे पक्षी घरटी रचतात ती याच थरांतून, हे ध्यानात घेतले की त्या व्यापाराचा घाव कळतो. २००५-०६ च्या हंगामात सीलांच्या हल्ल्यांमुळे गॅनेटांनी बेट सोडले. त्यांना परत आणण्यासाठी मांडलेले बनावट गॅनेट म्हणजेच पुढच्या परिच्छेदातील ‘खोटे पक्षी’.