सर्वेक्षणांची जोडणी : प्रश्नावल्या अनेक, सहभागी एक

एखादी सेवा लोक कशी वापरतात, हे इंटरनेटवरून जाणून घेताना एकच लांबलचक प्रश्नावली पुढे केली, तर उत्तरदाता मध्येच कंटाळतो. म्हणून अभ्यासाचे भाग पाडले जातात. आधी ओळखीचे मोजके प्रश्न, मग संकेतस्थळावर प्रत्यक्ष काम करून पाहण्याची चाचणी आणि काही दिवसांनी पुन्हा विचारणा. या भागांतील उत्तरे एकाच व्यक्तीची आहेत, हे ओळखण्याच्या व्यवस्थेला अभ्यासांची जोडणी म्हणतात.

ही कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. ‘इक्रिसॅट’ या संस्थेने १९७५ मध्ये सुरू केलेल्या ग्रामअभ्यासात अकोला जिल्ह्यातील कंझरा व किनखेडा ही गावे होती. प्रत्येक गावातील ४० कुटुंबांकडून शेती, मजुरी, देवाणघेवाण अशा विषयांची माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत घेतली जाई आणि कुटुंबाचा क्रमांक हे तक्ते जोडी.

ऑनलाइन अभ्यासात क्रमांकाची जागा यादृच्छिक संकेतांक घेतो. पहिली प्रश्नावली संपताच उत्तरदाता आपोआप दुसरीकडे पाठवला जातो आणि दुव्यातच त्याचा संकेतांक पुढे जातो. त्याला काहीच टंकित करावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा. काही अभ्यासांत आईच्या नावाची आद्याक्षरे व स्वतःचा जन्मदिवस यांवरून सहभागी स्वतःच संकेतांक तयार करतो. मात्र रोमन लिपीत ‘लक्ष्मी’ हे नाव एकच व्यक्ती दोन वेळा दोन प्रकारे लिहू शकते, आणि जोड तुटते. उपकरणावरून ओळखणे तर आपल्याकडे अधिकच बेभरवशाचे, कारण एक मोबाइल अनेकदा सारे घर वापरते.

जोडणीने काय साधते, हे बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यावरून समजू शकेल. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातल्या या तालुक्यात क्षारयुक्त पाणी आणि मूत्रपिंडाचे आजार यांविषयीची तक्रार जुनी आहे. समजा, येथे पिण्याच्या पाण्याविषयी एक आणि प्रकृतीविषयी दुसरी, अशा दोन ऑनलाइन पाहण्या झाल्या. त्या सुट्या राहिल्या, तर एकीतून कूपनलिकांची मोजदाद मिळेल व दुसरीतून रुग्णांची. कोणते पाणी पिणारे आजारी आहेत, हे कळणार नाही.

पण हीच जोडणी उत्तरदात्याला उघडे पाडू शकते. टपाल क्रमांक, जन्मतारीख व लिंग या तीनच नोंदींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येण्याजोगे आहेत, असे लतान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवले होते. काहीशे उंबऱ्यांच्या गावात तर गाव, वय आणि आजार एकत्र आले, की नावाची गरजच उरत नाही. त्यामुळे नाव व मोबाइल क्रमांकांची यादी उत्तरांपासून वेगळी ठेवणे आणि जोडणी पूर्ण होताच ती नष्ट करणे, ही किमान दक्षता ठरते.

संमतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. पाण्याची माहिती देणाऱ्याने ती आपल्या आजाराच्या नोंदीशी जोडण्यास होकार दिला, असे गृहीत धरता येत नाही. पहिल्याच पानावर ते स्पष्ट विचारावे लागते. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, हे तत्त्व भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. संशोधनाला त्यात अटींसह सवलत असली, तरी माघारीची सोय जोडलेल्या प्रत्येक प्रश्नावलीत ठेवणेच योग्य. तिसऱ्या टप्प्यावर नकार देणाऱ्याची आधीची दोन्ही उत्तरे काढून टाकायची की ठेवायची, हे अभ्यास सुरू होण्यापूर्वीच ठरवून त्याला सांगावे लागते.