कान्हेरीचा वर्षावास



जुलै निम्मा सरला की बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत एकच रडगाणं कानावर येतं. अंग जड झालंय, सकाळी उठवत नाही, कपडे वाळत नाहीत, भूक नसतानाही तळलेलं खावंसं वाटतं आणि काही कारण नसताना डोळे भरून येतात. त्यावर घरातलं उत्तरही ठरलेलं: आळस झटक, मन घट्ट कर. हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. ते का पटत नाही, हे सांगायला मी तुम्हाला आपल्याच डोंगरात नेणार आहे.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, मुख्य दारापासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक. इथल्या शिलालेखांत या डोंगराचं नाव 'कण्हसेल' म्हणजे काळा डोंगर असं येतं. सहलीला आपण सगळ्याच गेलो आहोत. मोठा चैत्य बघायचा, उंच बुद्धमूर्तींपाशी फोटो काढायचा आणि डबे उघडायचे! पण बाकीची लेणी नीट पाहिली तर ती राहण्याची घरं आहेत. पुढे अंगण, मग ओसरी, आत बसायला दगडी ओटा आणि निजायला छोटी खोली. अंगणाच्या कडेला पाण्याचं टाकं. लेखांत त्याला 'पोढी' म्हटलंय. दान देणाऱ्यांत कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, तशा बायका आणि भिक्षुणीही आहेत.

बौद्ध भिक्षू आठ महिने फिरतीवर असायचे. पावसाचे तीन महिने मात्र एका जागी राहायचं, असा नियम होता. त्याला वर्षावास म्हणतात. नियमाचं कारण विनयपिटकात दिलंय ते असं, की पावसात फिरताना कोवळी हिरवळ आणि बारीक जीव पायाखाली चिरडतात म्हणून लोकांनी तक्रार केली. म्हणजे मनःस्वास्थ्यासाठी हा नियम केला होता, असं मी म्हणणार नाही. पण तीन महिने अंधारलेल्या खोलीत, ओल धरलेल्या भिंतींत, त्याच त्या माणसांबरोबर राहायचं म्हटल्यावर मनाचा प्रश्न येणारच. तो आलाही.

त्याच ग्रंथातल्या महावग्गात एक गोष्ट आहे. कोसल देशात काही भिक्षूंनी ठरवलं, की भांडण व्हायला नको, तर तीन महिने कोणी कोणाशी बोलायचंच नाही. भिक्षा मागून जो आधी येईल त्याने आसनं मांडायची, पाणी भरायचं. घडा रिकामा दिसला आणि एकट्याला उचलेना, तर दुसऱ्याला हाताने खूण करायची. पावसाळा संपल्यावर ते बुद्धांना भेटले आणि आम्ही अगदी सुखात राहिलो म्हणाले. बुद्धांनी त्यांना चांगलंच फटकारलं. ही तर गुराढोरांसारखी राहणी झाली, असा त्याचा अर्थ. मौनाचं व्रत मना केलं आणि पावसाळ्याच्या शेवटी एक विधी लावून दिला, पवारणा. सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि प्रत्येकाने इतरांना विनवायचं, की माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं, ऐकलं असेल, नुसता संशय आला असेल, तरी सांगा.

वर्षावास आषाढी पौर्णिमेला सुरू होतो आणि पवारणा येते आश्विन पौर्णिमेला. आपल्या भाषेत सांगायचं तर गुरुपौर्णिमा ते कोजागिरी.

ती गोष्ट वाचली तेव्हा मला आपली सोसायटीतली घरं आठवली. चार माणसं, चार मोबाइल, आणि 'आमच्याकडे भांडण म्हणून नाही' असं अभिमानाने सांगणं!

दुसरी बाजू पैशाची. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणीकडे 2000 कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. व्याज दरमहा शेकडा एक. वर्षाचे होतात 240. त्यातून त्याच्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12, वस्त्रासाठी. हिशेब चोख आहे. पावसाळ्यात माणसाला कोरडं कापड लागतं आणि त्याची सोय आधी करून ठेवावी लागते, हे त्या काळच्या सावकारी व्यवहाराला कळत होतं.

वैद्यकालाही ऋतूचा थकवा माहीत होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहाव्या अध्यायात म्हटलंय, की उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात माणसाचं बळ सर्वांत कमी असतं, अग्नीही मंद होतो. दिवसा झोपू नये, हेही तिथेच. अमेरिकेत 1984 साली नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी 29 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. हिवाळ्यात उजेड कमी झाला की त्यांना उदासी यायची, झोप वाढायची, गोड-पिठूळ खावंसं वाटायचं. तेजस्वी प्रकाशाचा त्यांच्यापैकी काहींना उपयोग झाला. आपल्याकडे सूर्य हरवतो तो हिवाळ्यात नाही, आषाढ-श्रावणात. सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलैची सरासरीच 800 मिलिमीटरच्या पुढे आहे. आणि 26 जुलै 2005 चे ते 944 मिलिमीटर ज्यांनी अंगावर काढले, त्यांना नुसतं आभाळ भरून आलं तरी छातीत धडधडतं. त्याला आळस कसं म्हणायचं?

आता आपल्या बायकांची रीत बघा. श्रावणातली मंगळागौर. नव्या नवरीची पाच वर्षं, पण जागायला सगळ्या आळीतल्या. झिम्मा, पिंगा, बस फुगडी, किस बाई किस. रात्रभर घाम येईपर्यंत अंग हलवायचं, तेही एकटीने नाही. मग आश्विनात, सूर्य हस्त नक्षत्रात आला की भोंडला. पाटावर हत्ती काढायचा आणि फेर धरून सासू, दीर, नणंद सगळ्यांचा उद्धार मोठ्याने गाऊन करायचा. वर्षभर जे बोलायची सोय नाही ते इथे, सगळ्यांदेखत. एकीतून दुसरी रीत आली असं मी म्हणत नाही. पावसाळा तोच, म्हणून गरजही तीच, इतकंच.

पण एक फरक मला खुपतो. भिक्षूंच्या वस्त्राची सोय विणकरांच्या व्याजातून व्हायची. आपल्या चातुर्मासात मात्र सोमवारचा उपास, शुक्रवारचं पुरण, सवाष्ण जेवायला, हे सगळं जिचं बळ कमी झालंय तिच्याच अंगावर. मंगळागौरही आता पुष्कळदा हॉल घेऊन, खेळणाऱ्यांचा ग्रुप बोलावून होते. त्यात मला वाईट काही दिसत नाही, निदान पोळ्या लाटायला तरी लागत नाहीत. मात्र खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या आणि फुगडी दुसरीने घालायची, यात आपल्या अंगाला काय मिळतं?

आणि हेही सांगते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उठतच नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर फुगडीवर भागणार नाही. डॉक्टरकडे जा. 14416 हा सरकारच्या टेलिमानसचा फुकट नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

श्रावणात एकदा कान्हेरीला जाऊन या. सोमवारी उद्यान बंद असतं, तेव्हा दुसरा वार धरा, आणि एकट्या जाऊ नका. 11 नंबरचं लेणं चुकवू नका, लोक त्याला दरबार म्हणतात. आत दोन लांबलचक, बुटके दगडी ओटे आहेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बरीच माणसं एकत्र बसावीत म्हणूनच कोणीतरी ते डोंगरातून तेवढे शिल्लक ठेवले.