रडार उपग्रहाचे अंशशोधन: भातशेतीसाठी का महत्त्वाचे?

मालगुंड परिसरात भाताची लावणी ऐन पावसात होते. त्या दिवसांत आभाळ भरलेले असल्याने साध्या उपग्रह छायाचित्रात शेत दिसत नाही. रडार उपग्रह सूक्ष्मलहरी सोडून त्यांचा परतावा मोजतो, त्यामुळे ढग किंवा अंधार आड येत नाही. ईओएस-०४ (२०२२) आणि इस्रो-नासाचा निसार (२०२५) हे असे उपग्रह आहेत.

भाताची ओळख
चिखलणीनंतर खाचरातील संथ पाणी लहरी आरशासारख्या पलीकडे परावर्तित करते, म्हणून परतावा घटतो. फुटवे वाढू लागले की तो पुन्हा वाढतो.

अंशशोधनाची गरज
परतावा डेसिबलमध्ये मोजतात. १ डेसिबलचा फरक म्हणजे ऊर्जेत सुमारे २६ टक्के, तर ३ डेसिबलचा म्हणजे जवळजवळ दुप्पट. मोजमाप यंत्रामुळेच सरकले, तर तो बदल पिकातला समजला जाण्याचा धोका असतो. पीक विम्यासाठी उत्पादनाचा अंदाज काढताना उपग्रहाची माहिती वापरली जाते, तेव्हा ही चूक शेतकऱ्याला भोवू शकते.

अंशशोधनाची पद्धत
काटा तपासायला आपण प्रमाणित वजन ठेवतो, तसेच हे आहे.

- कोपरा परावर्तक: परस्परांशी काटकोनात जोडलेले तीन त्रिकोणी धातूचे पत्रे लहरी आल्या दिशेनेच परत पाठवतात. १ मीटर बाजूचा परावर्तक ५.६ सेंमी लहरींना सुमारे १,३०० चौ.मी. लक्ष्याइतका ठळक दिसतो. निसारच्या २४ सेंमी लहरींना फक्त ७० चौ.मी.च्या आसपास. म्हणून लांब लहरींसाठी मोठे परावर्तक लागतात.
- घनदाट जंगल: अ‍ॅमेझॉनच्या जंगलाचा परतावा बराच स्थिर असतो. संपूर्ण पट्ट्यात मोजमाप सारखे येते का, हे त्यावरून तपासतात.

कोकणातील मर्यादा
उपग्रह बरोबर असला तरी उतार फसवतो. रडारकडे तोंड केलेला डोंगर उजळ, पाठमोरा काळसर दिसतो. त्यासाठी उंचीच्या नकाशाने दुरुस्ती करावी लागते. शिवाय १० मीटरचा एक चौकोन म्हणजे जवळपास एक गुंठा. अरुंद खाचर, बांध आणि शेजारची आंब्याची झाडे त्यात एकत्र मिसळतात.

शेतकऱ्यांनी काय करावे?

- ई-पीक पाहणीत पिकाची नोंद मुदतीत करावी.
- लावणीची तारीख लिहून ठेवावी.
- लावणी, फुटवे आणि नुकसान यांचे तारीख व ठिकाण असलेले फोटो जपावेत.

उपग्रहाचा अंदाज आणि शेतातील स्थिती जुळली नाही, तर हाच पुरावा उपयोगी पडतो.