पट्टेरी गुलाब घरी लावताय? पाऊस सांभाळा, पट्टे टिकतील

मुरगाव : डिसेंबरमध्ये वास्को, पेडणे, डिचोलीच्या बाजारात पट्टेरी गुलाबाची रोपे येतात. लाल पाकळीवर पांढऱ्या, गुलाबीवर पिवळ्या रेघा, एकासारखे दुसरे फूल नाही. लोक हौसेने घेऊन जातात. पुढच्या दिवाळीपर्यंत मात्र त्यातली बरीच झाडे मरतात, आणि जी जगतात त्यांना कधीकधी साधी एकरंगी फुले येतात. मग नर्सरीवाल्याने फसवले, असा समज होतो. बहुतेक वेळा फसवणूक नसते. पट्टे जातात ते पावसाळ्यात, आणि ते का जातात हे कळले तर टिकवताही येतात.

पट्टे येतात कुठून?

हायब्रीड टी म्हणजे लांब देठावर एकच मोठे, टोकदार कळीचे फूल देणारा गुलाब. १८६७ साली फ्रान्समध्ये आलेली 'ला फ्रान्स' ही या गटातली पहिली जात मानली जाते. पट्टेरी जाती यातल्याच, पण त्यांच्यात रंग बनवणारा गुण पाकळीच्या काही पेशींत चालू तर काही पेशींत बंद असतो. म्हणून रेघा, शिंतोडे, कधी अर्धी पाकळी एका रंगाची.

अशा कितीतरी जाती एकरंगी झाडाच्या एखाद्या फांदीवर अचानक वेगळे फूल आल्याने सापडल्या. लाल-पिवळी 'हॅरी व्हीटक्रॉफ्ट' ही 'पिकॅडिली' या गुलाबाच्या फांदीवरून आली, तर 'कँडी स्ट्राइप' ही 'पिंक पीस'वरून. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'किस ऑफ फायर' या जातीवर गॅमा किरणांचा प्रयोग करून 'अभिसारिका' तयार केली. 'मदहोश' ही त्याच संस्थेची आणखी एक पट्टेरी जात.

फांदीवर जे अचानक आले, ते फांदीवरून अचानक जाऊही शकते. पट्टेरी गुलाब लावणाऱ्याने ही गोष्ट आधीच मनाशी धरावी. बी पेरून हे पट्टे मिळत नाहीत. पट्टेरी फूल आलेल्या फांदीचाच डोळा भरावा लागतो किंवा छाट कलम करावे लागते.

साधे फूल आले, आता काय?

अशा वेळी आधी नवी फूट कुठून आली ते बघा. नर्सरीतले रोप म्हणजे खाली जंगली गुलाबाचा खुंट आणि वर भरलेला डोळा. जोडाच्या जागी खोडाला गाठ दिसते.

गाठीच्या खालून किंवा मातीतून फांदी आली असेल तर ती खुंटाची. तिची पाने सहसा बारीक व फिकट असतात, फांदी झपाट्याने वाढते, आणि फुले लहान, झुपक्याने येतात किंवा येतच नाहीत. पावसात वरचे कलम सडले की खुंट जोर धरतो आणि 'झाड जगले' असे आपल्याला वाटते. जगलेला असतो खुंट. अशी फूट वरून कापू नये, पुन्हा येते. माती बाजूला करून ती मुळाशी जिथून निघाली तिथून ओढून काढावी.

गाठीच्या वरून फांदी आली, पाने नेहमीची, फूलही मोठे पण एकाच रंगाचे, तर ती फांदी मूळ जातीकडे परतली. एका फुलावर निकाल देऊ नका, कारण उन्हाच्या दिवसांत पट्टे फिके पडतातच. त्याच फांदीवर पुढच्या बहरालाही साधे फूल आले तर जिथे पट्टेरी फांदी फुटते तिथपर्यंत ती छाटून टाका. ठेवली तर बऱ्याचदा तीच जोमाने वाढते आणि पट्टेरी फांद्यांना मागे टाकते.

रोप आणि कुंडी

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सिंधुदुर्गातही तेच चित्र. बेळगावसारख्या घाटावरच्या हवेत गुलाब जमिनीत सुखाने राहतो. खाली कोकणपट्टीत मात्र तो कुंडीत लावलेला बरा, कारण कुंडी उचलून आडोशाला नेता येते.

रोप घेताना गाठ शाबूत आहे ना, गाठीच्या वर किमान दोन-तीन जाड फांद्या आहेत ना, ते पाहावे. फुललेले रोपच घ्यावे, म्हणजे पट्टे डोळ्यांनी दिसतात. परराज्यातून येणारी अनेक रोपे चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा तसाच पुरला तर पावसात मुळांशी पाणी साचते. बादलीभर पाण्यात गोळा भिजवून बाहेरची चिकणमाती हलक्या हाताने सोडवावी, मुळे तोडू नयेत.

कुंडी किमान १२ इंचांची, तळाला मोकळी भोके असलेली हवी. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा नारळाचा भुसा असे मिश्रण चालते. वाळू नदीची घ्यावी, किनाऱ्यावरची नको. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी असते, म्हणून कुंडीमागे चमचाभर डोलोमाइट मिसळावे. गाठ मातीच्या वर राहू द्यावी. माडाला मीठ चालते, गुलाबाला नाही. खाजनाजवळच्या विहिरीचे मचूळ पाणी आणि खारवलेल्या मासळीचे धुवण, दोन्ही टाळावे.

वर्षभराची निगा

जून ते सप्टेंबर : कुंड्या बाल्कनीत किंवा पत्र्याखाली, पण चार-पाच तास उजेड मिळेल अशा ठेवाव्यात. कुंडीखाली दोन विटा द्याव्यात. या काळात खत नको आणि मोठी छाटणीही नको. पहिल्या पावसानंतर रात्री भुंगेरे पाने खातात. टॉर्च घेऊन वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे हा सोपा उपाय. पाने सलग सात-आठ तास ओली राहिली की काळे ठिपके पडणारा रोग लागतो. गळलेली पाने रोज उचलावीत, कंपोस्टमध्ये टाकू नयेत. रोग दिसताच मॅन्कोझेब लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात उघडीप बघून फवारावे.

ऑक्टोबर : दसरा ते पेडण्याची पुनव हा छाटणीचा चांगला काळ. पाऊस सरला याची खात्री करून सुकलेल्या, काळ्या पडलेल्या फांद्या हिरव्या लाकडापर्यंत कापाव्यात, उरलेल्या निम्म्यावर आणाव्यात. काप बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका. कापावर बोर्डो पेस्ट लावली तर फांदी टोकाकडून मरत येत नाही. पोफळीच्या कोळेरोगासाठी अनेक घरांत मोरचूद आणि चुना असतोच, पेस्टही त्याचीच होते.

छाटणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांनी फूल येते. नाताळला फुले हवी असतील तर एखाद्या झाडाची छाटणी ५ ते १० नोव्हेंबरपर्यंत मागे ठेवावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : रोज सहा तास ऊन, दोन मुठी गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड, दर पंधरवड्याला पातळ शेणपाणी. नत्राचे खत जास्त झाले तर पानेच माजतात. थंडीत पानांवर पांढरी भुरी आली तर पाण्यात विरघळणारे गंधक फवारावे.

मार्च ते मे : दुपारी हिरव्या जाळीची सावली, सकाळी भरपूर पाणी. शिरगावच्या लईराईच्या जत्रेच्या सुमारास उकाडा एवढा असतो की फुले लहान आणि पट्टे पुसट येतात. हा दोष झाडाचा नव्हे. अशा कळ्या खुडून टाकाव्यात, झाडाची ताकद वाचते. पानांखाली जाळे धरणारे लाल कोळी दिसले तर खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारावा.

वास्को, सडा, बायणा या बंदराजवळच्या भागात पानांवर काळी धूळ आणि खारा वारा बसतो. डिचोलीच्या खाणपट्ट्यात लाल धूळ. आठवड्यातून एकदा पाने धुवावीत, पण सकाळीच, म्हणजे दुपारपर्यंत सुकतात.

मांडणी कशी करावी?

पट्टेरी फूल स्वतःच नक्षीदार असते, त्याच्या बाजूला दुसरी नक्षी ठेवली की दोन्ही हरवतात. कुंडी साधी, मातीच्या किंवा पांढऱ्या रंगाची. शेजारी रंगीबेरंगी क्रोटन न ठेवता गडद हिरवे झाड ठेवावे. दारात एकच पट्टेरी झाड आणि त्याच्या पट्ट्यातल्या एका रंगाचे दुसरे साधे गुलाबाचे झाड, ही जोडी छान दिसते.

फुले पहाटे कापावीत. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटू लागल्या की ती वेळ. झाडावर त्या फांदीची किमान दोन पूर्ण पाने राहू द्यावीत. देठ तिरका कापून लगेच पाण्यात, आणि पाण्याखाली जाणारी पाने काढावीत. लिटरभर पाण्यात चमचाभर साखर आणि लिंबाचे काही थेंब घातले, पाणी रोज बदलले, तर फूल जास्त टिकते. तांब्याच्या गडव्यात तीन फुले आणि नेच्याची दोन पाने पुरेत. देठ आखूड राहिला तर पितळी घंगाळात पाण्यावर एकेक फूल सोडावे. वरून पाहिल्यावर पट्टे सर्वांत चांगले दिसतात.

वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहाला, म्हणजे ऐन श्रावणात, घरच्या झाडाकडून फुलाची अपेक्षा धरू नये. त्या दिवसांत गाठीच्या वरची फांदी हिरवी असली की पुरे. झाड जोरावर आले की ज्या फांदीला सर्वांत ठळक पट्टे येतात तिला दोरा बांधून ठेवा आणि नर्सरीवाल्याकडून तिचाच डोळा दुसऱ्या खुंटावर भरून घ्या. एक झाड पावसात गेले, तरी ते पट्टे दुसऱ्या कुंडीत राहतात.