रग्बी लीग: एका ‘खाड्या’वरून फुटलेला खेळ, आणि कबड्डी बघणाऱ्यांना तो लगेच का कळतो?

जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ, सगळे सामने एकाच मैदानावर आणि अंतिम सामन्यात चेन्नई बुल्सनं दिल्ली रेड्झला हरवलं. मालाडहून लोकलनं चौथं स्टेशन म्हणजे अंधेरी, त्यामुळे उपनगरातल्या अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा रग्बी प्रत्यक्ष पाहिली ती इथेच.

पण नावात ‘लीग’ असलं तरी ती रग्बी लीग नव्हती. गोंधळ इथूनच सुरू होतो.

अंधेरीत खेळली गेली ती ‘रग्बी युनियन’ची सात जणांची आवृत्ती, म्हणजे रग्बी सेव्हन्स. हीच २०१६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. ‘रग्बी लीग’ हा वेगळा खेळ आहे. त्याचे नियम वेगळे, संघटना वेगळी, चाहतेही वेगळे. आणि तो वेगळा का झाला, याचं कारण मुंबईच्या कुठल्याही कामगार वस्तीत एका शब्दात सांगता येतं: खाडा.

खाड्याचा आणि रग्बीचा काय संबंध?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रग्बीचा कारभार लंडनमधली रग्बी फुटबॉल युनियन बघायची. तिथली मंडळी बड्या शाळा-कॉलेजांतून आलेली. खेळ हौस म्हणून खेळायचा, पैशाचा विषय काढायचा नाही, असा त्यांचा आग्रह.

उत्तर इंग्लंडमध्ये मात्र खेळणारे लोक होते खाणकामगार, गोदी कामगार आणि गिरणी कामगार. यॉर्कशायर आणि लँकेशायरचा हा पट्टा. (लँकेशायरचं कापड म्हटल्यावर शाळेतला स्वदेशीचा धडा आठवला असेल, तर हो, तेच लँकेशायर.) या लोकांना शनिवारीही सकाळी कामावर जावं लागायचं. सामना लांब असला की काम सोडायचं, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. क्लबांचं म्हणणं एवढंच होतं की खेळासाठी बुडालेला रोज भरून द्यायची परवानगी द्या.

१८९३ मध्ये हा प्रस्ताव मतदानाला आला आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेतल्या क्लबांची बैठक झाली आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. नव्या संघटनेनं भरपाई मान्य केली, दिवसाला ६ शिलिंग. चैनीचा पैसा नव्हे हा, निव्वळ खाड्याची भरपाई.

बारा वर्षांनी हेच ऑस्ट्रेलियात घडलं. सिडनीत अ‍ॅलेक्स बर्डन नावाचा खेळाडू खांद्याला मार लागून घरी बसला, कमाई थांबली आणि संघटनेनं भरपाई दिली नाही. त्यातून पेटलेल्या असंतोषातून १९०७ मध्ये तिथेही लीग जन्माला आली. आज सिडनी आणि ब्रिस्बेनमध्ये हाच मुख्य खेळ आहे. पापुआ न्यू गिनीत तर तो राष्ट्रीय खेळाइतका लाडका आहे.

युनियनवाल्यांनी हे सहज घेतलं नाही. लीग खेळलेल्या माणसाला युनियनचे दरवाजे कायमचे बंद व्हायचे. फ्रान्समध्ये तर १९४१ मध्ये व्हिशी सरकारनं लीगवर थेट बंदी घातली आणि तिची मालमत्ता जप्त केली. युद्धानंतर खेळ परतला, पण कित्येक वर्षं त्याला ‘रग्बी’ हे नाव लावायची मुभा नव्हती. ‘तेरा जणांचा खेळ’ म्हणून तो खेळायचा.

मग २६ ऑगस्ट १९९५ रोजी रग्बी युनियननंही खेळाडूंना पैसे द्यायला मान्यता दिली. फुटीला शंभर वर्षं व्हायला तीन दिवस बाकी होते!

कबड्डीवाल्याला हा खेळ कसा कळतो?

माझं मत विचाराल, तर क्रिकेट किंवा फुटबॉल बघणाऱ्यापेक्षा कबड्डी बघणाऱ्याला रग्बी लीग लवकर कळते. दोन्हीचा गाभा एकच आहे: एक माणूस समोरच्या भिंतीत घुसतो आणि ती भिंत त्याला धरते.

एका संघात १३ खेळाडू, सामना ८० मिनिटांचा. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. याला ‘ट्राय’ म्हणतात, त्याचे ४ गुण. त्यानंतर चेंडू दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून मारला की आणखी २. हातानं पास पुढे द्यायचा नाही, फक्त बाजूला किंवा मागे. नवख्या माणसाला हेच सगळ्यात विचित्र वाटतं. पुढे जायचंय आणि चेंडू मागे फेकायचाय.

आता पकडीकडे या. चेंडूवाल्याला बचावातले दोघं-तिघं धरतात. एक पायाला भिडतो, एक कंबरेला, तिसरा चेंडूचा हात जखडतो. कबड्डीतली सांघिक पकड डोळ्यांसमोर आणा. मानेला किंवा डोक्याला हात लावायचा नाही. फरक एवढाच की कबड्डीत पकडलेला चढाईपटू बाद होऊन बाहेर जातो, इथे तो उठतो, चेंडू पायानं मागे सरकवतो आणि डाव पुढे चालू राहतो.

पण असे टॅकल मिळतात फक्त सहा. सहाव्यांदा पकडले गेलात की चेंडू समोरच्या संघाचा. म्हणून पाच टॅकल झाले की बहुतेक संघ चेंडू लांब किंवा उंच मारतात. कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईला जे होतं, तेच इथे होतं: आता गुण आणा, नाहीतर किंमत मोजा.

हे साम्य योगायोगाचं नाही. दोन्ही नियम कंटाळा घालवायला आले. पूर्वी लीगमध्ये टॅकलला मर्यादाच नव्हती. बलाढ्य संघ मिनिटामागून मिनिटं चेंडू स्वतःकडे ठेवायचा आणि समोरचे नुसते धरत बसायचे. १९६६ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये ४ टॅकलची मर्यादा आली, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती ६ झाली. कबड्डीतही आघाडी घेतलेला संघ बोनस रेषेपर्यंत न जाता नुसता ‘टाइमपास’ करून परतायचा, ते तिसऱ्या चढाईच्या नियमानं मोडलं.

रग्बी युनियनमध्ये अशी मर्यादा नाही. तिथे संघात १५ जण असतात, पकडल्यानंतर चेंडूसाठी जमिनीवरच झटापट चालते आणि ट्रायला ५ गुण मिळतात. कोणता खेळ चांगला, या वादात पडू नका, संध्याकाळ वाया जाते.

मुंबईनं खाडा कसा भरला?

गिरणगावातही हाच प्रश्न होता. लालबाग-परळच्या गल्ल्यांतून कबड्डी वाढली ती पाळीवर जाणाऱ्या लोकांमुळे. इथे कुणी जॉर्ज हॉटेलात बसून फुटलं नाही. राष्ट्रीय महासंघाच्या नावातही ‘हौशी’ हा शब्द राहिला. उत्तर वेगळ्या वाटेनं निघालं, ते म्हणजे नोकरी.

भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, देना बँक, मध्य रेल्वे, महिंद्रा अशा आस्थापनांनी कबड्डीचे संघ ठेवले. चांगला खेळलास तर नोकरी, सरावाला सवलत आणि स्पर्धेच्या दिवसांचा पगार चालू. मालाड-कांदिवलीच्या कितीतरी घरांत ‘पोरगं खेळतंय’ याचा अर्थ ‘कुठेतरी चिकटेल’ असा होता. महाराष्ट्र सरकारनं खेळाडूंसाठी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण ठेवलं, त्यामागेही हाच विचार आहे. वडीलमंडळी मुलाच्या खेळाकडे रागानं बघायची की कौतुकानं, हे या एका गोष्टीवर ठरायचं.

जुलै २०१४ मध्ये वरळीच्या एनएससीआय संकुलात प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला आणि चित्र पालटलं. पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला १२ लाख ८० हजार मिळाले होते. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली. लीग रग्बीनं शतकभरात कापलेलं अंतर कबड्डीनं दहा वर्षांत कापलं म्हणायला हरकत नाही, अर्थात मोजक्या खेळाडूंपुरतं. मंडळाकडून माती किंवा मॅटवर खेळणाऱ्या मुलाचा खाडा अजून खाडाच आहे.

पण संघ नक्की कुणाचा?

लीग आयुष्यभर फॉलो करणाऱ्या लोकांच्या गोष्टी याच प्रश्नाभोवती फिरतात.

साऊथ सिडनी हा १९०८ पासूनचा, कामगार वस्तीतला संघ. नव्वदच्या दशकात रुपर्ट मर्डोक आणि केरी पॅकर (हो, क्रिकेटवालेच) यांच्यात टीव्ही हक्कांवरून लढाई झाली. तडजोडीत संघांची संख्या १४ वर आणायचं ठरलं आणि १९९९ च्या हंगामानंतर साऊथ सिडनीला बाहेर काढलं. नोव्हेंबर २००० मध्ये सुमारे ८० हजार लोक सिडनीच्या रस्त्यावर उतरले. प्रकरण कोर्टात गेलं, २००२ मध्ये संघ परतला. २०१४ मध्ये त्यांनी विजेतेपद मिळवलं, १९७१ नंतर पहिल्यांदा.

इंग्लंडमधलं हल हे शहर तर मुंबईकराला समजावून सांगायचीही गरज नाही. मधून नदी जाते. पूर्वेला हल केआर, पश्चिमेला हल एफसी. पूर्वेकडे गोदी कामगार, पश्चिमेकडे मासेमारीच्या बोटींवरचे लोक. आपल्याकडे रेल्वेरुळांमुळे मालाड पूर्व आणि मालाड पश्चिम होतं, तसंच. फक्त तिथे कुठल्या बाजूचे यावरून संघ ठरतो आणि तो सहसा बदलत नाही. २०२५ मध्ये हल केआरनं ४० वर्षांत पहिला मोठा चषक जिंकला आणि त्याच वर्षी लीगचं विजेतेपदही पटकावलं. ज्यांनी १९८५ चा विजय तरुणपणी पाहिला, ते साठीत पोचले होते.

आता आपल्याकडे बघा. यू मुंबाचे सामने जानेवारी २०२४ मध्ये वरळीत झाले. त्यानंतरच्या अकराव्या आणि बाराव्या हंगामात मुंबईत एकही सामना झाला नाही. अकरावा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात झाला, बारावा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. संघाच्या नावात मुंबई आहे, चाहता मुंबईत आहे आणि सामना मोबाईलवर. खर्चाचं गणित आयोजकांच्या बाजूनं असेलही, पण साऊथ सिडनीच्या लोकांना ज्याची भीती होती ते हेच. मालाडच्या एखाद्या मैदानात रात्री प्रकाशझोतात चालणारी मंडळांची स्पर्धा त्यामुळे मला जास्त खरी वाटते. तिथे खेळाडूचं नाव ओरडणाऱ्याला त्याची चाळही माहीत असते.

मालाडमध्ये बसून बघायची तर?

ऑस्ट्रेलियातली एनआरएल साधारण मार्च ते ऑक्टोबर चालते. सिडनीतला रात्री आठचा सामना आपल्याकडे दुपारी अडीच-साडेतीनला येतो, म्हणजे शुक्रवारी ऑफिसमध्ये असताना. इंग्लंडच्या सुपर लीगचा शुक्रवार रात्रीचा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे साडेबाराला सुरू होतो, चर्चगेटहून शेवटची बोरिवली लोकल सुटायच्या सुमारास. शनिवारी तिथे दुपारी तीनला असणारे सामने सोयीचे, इथे संध्याकाळी साडेसात वाजलेले असतात. दोन्ही लीगच्या स्वतःच्या वर्गणीच्या स्ट्रीमिंग सेवा आहेत.

फक्त एकच सामना बघायचा असेल, तर ऑस्ट्रेलियातली स्टेट ऑफ ओरिजिन बघा. १९८० पासून चालत आलेली न्यू साऊथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलंड अशी तीन सामन्यांची मालिका. क्लबमधले सहकारी त्या दिवशी एकमेकांना आपटतात.

आणि समालोचन डोक्यावरून जात असेल, तर रेफ्रीच्या हाताकडे बघा. पाचवा टॅकल झाला की तो पंजा उघडून हात वर करतो. त्यानंतर चेंडू बहुधा हवेत जाणार, तेव्हा मोबाईलवरून नजर काढू नका.