नव्या घराचा वास

नवे घर पाहायला गेले की दारातच एक वास जाणवतो. रंग, व्हार्निश आणि नवे कपाट यांचा तो एकत्रित वास असतो. नवेपणाची खूण म्हणून आपण तो कौतुकाने घेतो. पण वास येतो याचा अर्थ कोणते तरी रेणू भिंतीतून, फळीतून सुटून आपल्या नाकापर्यंत पोचले आहेत. हे रेणू आपल्या घरांत शिरले कधी? या प्रश्नाचे उत्तर शोधायला दौंड-शिरूरचा परिसर सोयीचा आहे, कारण येथील घरांचा इतिहास फार जुना आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली, कुडाच्या आणि मातीच्या भिंतींची, गवताने शाकारलेली घरे तेथे उजेडात आली. घरात चूलही होती. म्हणजे घरातल्या हवेचे प्रदूषण तेव्हाही होतेच. फक्त ते धुराचे होते आणि डोळ्यांना झोंबत असल्यामुळे लगेच कळत होते. शिवाय गवताच्या छपरातून आणि कुडाच्या फटींतून हवा खेळत होती.

पुढे या भागात माळवदाची घरे बांधली जाऊ लागली. मातीच्या जाड छताला धूर जाण्यासाठी आणि उजेड येण्यासाठी भोक ठेवत. काही भागांत त्याला साणे म्हणतात. जमीन शेणाने सारवलेली आणि भिंत चुन्याने रंगवलेली असे. चुन्याची गंमत विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. भिजवलेला चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि हवेत फक्त पाण्याची वाफ जाते. ही भिंत हवेकडून घेणारी होती. देणाऱ्या भिंती नंतर आल्या.

अशा भिंतींची पहिली गाजलेली गोष्ट युरोपातली आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे भिंतींवर चिकटवायच्या कागदांना आर्सेनिकयुक्त हिरवा रंग देत. ओल धरली की त्यावर बुरशी वाढते आणि ती आर्सेनिकचा विषारी वायू तयार करते, हे इटलीतील गोसियो यांनी १८९०च्या दशकात दाखवले. त्याआधीच, १८५८ मध्ये, म्युनिकच्या पेटेनकोफर यांनी खोलीतली हवा मोजायला सुरुवात केली होती. हवेच्या १००० भागांत कार्बन डायऑक्साइड १ भागापेक्षा अधिक झाला की खोली कोंदट समजावी, ही त्यांची मर्यादा. हवेचा चांगलेवाईटपणा मोजता येतो, ही कल्पना तिथून रुजली.

आजच्या कथेचा नायक आहे फॉर्माल्डिहाइड. तो प्रथम १८५९ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ बुत्लेरोव यांच्या प्रयोगात तयार झाला. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील बरण्यांमुळे फॉर्मालिनच्या रूपात तो शिक्षकांच्या ओळखीचा आहे. युरियाबरोबर त्याची राळ बनवली की लाकडासाठी स्वस्त आणि पक्का डिंक मिळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाची टंचाई होती, तेव्हा भुशाच्या दाबलेल्या फळ्या आणि प्लायवूड या डिंकाच्या जोरावर घरोघर पोचले.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. थंड देशांनी उष्णता वाचवण्यासाठी घरांच्या फटी बुजवल्या, अनेक ठिकाणी भिंतींच्या पोकळीत याच राळेचा फेस भरला. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, डोके दुखणे अशा तक्रारी वाढल्या. कॅनडाने १९८० मध्ये या फेसावर बंदी घातली. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणारे द्रव्य ठरवले. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी मर्यादा सुचवली : घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम, अर्ध्या तासाची सरासरी.

आता दौंडला परत येऊ. इथे थंडीसाठी घर बंद करावे लागत नाही; पण धूळ, डास आणि उन्हाची झळ यांसाठी सरकत्या काचा लावल्याच जातात. युरियाची राळ उष्णता आणि दमटपणा यांनी हळूहळू फुटते आणि फॉर्माल्डिहाइड सोडते. त्यामुळे चाळिशीला टेकणारा उन्हाळा आणि पाठोपाठ येणारा पावसाळा हे तिला अनुकूल ऋतू. तेलरंगातली द्रावके बरीचशी काही दिवसांत उडून जातात. फळीतला वायू मात्र महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे सुटत राहतो. नाक काही मिनिटांतच वासाला सरावते, म्हणून 'आता वास येत नाही' हा पुरावा धरता येत नाही.

याचा अर्थ जुने घर चांगले आणि नवे वाईट असा नाही. जिथे अजून लाकूडफाटा जळतो, तिथे पहिला शत्रू धूरच आहे. पण इनामगावच्या झोपडीला जे आपोआप मिळत होते ते, म्हणजे हवेला जायची वाट, नव्या घरात आपल्याला आठवणीने ठेवावे लागते. मुहूर्तासाठी रंगकाम घाईने उरकून दुसऱ्याच दिवशी तान्ह्या मुलासह राहायला जाणे टाळावे. समोरासमोरच्या खिडक्या रोज उघडाव्यात. फळ्यांच्या उघड्या कडा बंद करून घ्याव्यात. शक्य तिथे पाण्यात मिसळणारा रंग निवडावा.

वर्गासाठी एक काम सुचवतो. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराची नोंद करावी : भिंत कशाची, रंग कोणता, रंगानंतर किती दिवसांनी राहायला आले, प्लायवूडच्या वस्तू किती, समोरासमोर खिडक्या आहेत का, आणि आजीच्या लहानपणी यांपैकी काय वेगळे होते. शेवटच्या रकान्यातून घराघरांतल्या हवेचा इतिहास मुलांच्याच हातांनी लिहिला जाईल.